मशीनवरचे चार तास आणि बाकीचा आठवडा

मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस सुरू झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी घेऊन येतो: शहाळं आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून ते आपल्याला वर्ज्य. सल्ला पचायलाही तितकाच जड. चार तास नळ्या लावून पडलेल्या माणसाने नेमकं काय पॉझिटिव्ह ठेवायचं, ते कुणी सांगत नाही.

मी आठ वर्षं डायलिसिसवर आहे. कराडला राहते. शाळेत गणित शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पहिली शिफ्ट. या आठ वर्षांत शेजारपाजारच्या खाटांवर शंभरेक माणसं तरी आली असतील. काही चार महिन्यांत रुळली, काहींचं मन दोन वर्षांनीही लागलं नाही. मला आधी वाटायचं, हा स्वभावाचा भाग. पण कायम हसतमुख असलेली माणसं कोलमडताना पाहिली आणि सदानकदा कुरकुरणारे एक काका छान मार्गी लागलेले पाहिले. रुळलेल्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. आपल्या आजाराचा कारभार त्यांनी, थोडा का होईना, स्वतःच्या हातात घेतला होता. आज वजन किती भरलं, पाणी किती काढणार, सुई कुठे टोचणार, हे त्यांना ठाऊक असायचं. म्हणून या लेखात मन खंबीर करण्याच्या गोष्टी कमी आणि कारभाराच्या जास्त आहेत.

पहिला महिना: मोठा निर्णय एकही नको

डायलिसिस सुरू होतं तेव्हा युरियासारखी घाण रक्तात साठून राहिलेली असते. ती डोक्यावरही परिणाम करते. खाज, मळमळ, झोपेचा खेळखंडोबा, चिडचिड, विसराळूपणा. वर्गात मला सातवीच्या मुलांची नावं आठवेनात. वाटलं, संपलं सगळं. दीड महिन्यात नावं परत आली. त्या धुरकट दिवसांत मी राजीनामा लिहून ठेवला होता. यांनी तो कपाटात दडवला, म्हणून नोकरी वाचली. तेव्हा घर विकणं, दुकान मोडणं, मुलीचं लग्न घाईने उरकणं, असलं काही या महिन्यात ठरवू नका.

एक प्रश्न मात्र पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना सरळ विचारा: हे तात्पुरतं आहे की कायमचं? लेप्टोचा ताप, सर्पदंश, जोराचे जुलाब अशा कारणांनी अचानक बंद पडलेली मूत्रपिंडं कधी कधी काही आठवड्यांत पुन्हा चालू होतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजलेली बहुधा परत येत नाहीत. विचारताना घरातलं कुणी तरी सोबत असू द्या, कारण उत्तरातला निम्मा भाग आपल्याला ऐकूच येत नाही. ‘कायमचं’ असं उत्तर आलं तर रडू येईल. रडा. अवयव गेलाय, त्याचं सुतक पाळायचा हक्क आहे तुम्हाला.

आणि याच महिन्यात कुणी तरी पुडी घेऊन येईल. कुठल्याशा गावचे वैद्य, एकवीस दिवसांत डायलिसिस बंद. आमच्या युनिटमधला एक तरुण अशा पुडीवर भरवसा ठेवून दोन आठवडे फिरकलाच नाही. परत आला तो रुग्णवाहिकेतून, ऑक्सिजन लावून. पुडीवाल्याशी वाद घालू नका, ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढंच म्हणा आणि ठरल्या दिवशी मशीनवर जा.

मशीनची ओळख करून घ्या

पहिल्या दिवशी मी मशीनकडे पाठ करून पडले होते. अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत भरतात, अशी माझी समजूत. तसं काही नसतं. एका वेळी शरीराबाहेर साधारण पाव लिटर रक्त असतं. पंप मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त फिरवतो आणि तेच रक्त पुन्हा पुन्हा गाळलं जातं. मशीनच्या कडेला उभं नळकांडं दिसतं, तो डायलायझर. त्यात केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी असते. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेने द्रावण. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली असं पहिलं यंत्र उभं केलं, तेव्हा त्यांनी सॉसेजसाठी वापरायची सेलोफेनची नळी लाकडी ड्रमला गुंडाळली होती. हे कळलं आणि मला मशीनबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली. शेवटी गाळणीच ती.

आता एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक खेपेला पाच आकडे लिहा: येतानाचं वजन, जातानाचं वजन, सुरुवातीचं आणि शेवटचं बीपी, काढलेलं पाणी. महिन्याच्या तपासणीतलं हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस मागच्या पानावर. ‘ड्राय वेट’ हा शब्द रोज कानावर पडेल. अंगात जास्तीचं पाणी नसताना भरायला हवं ते आपलं वजन. हे कायमचं ठरलेलं नसतं. भूक परतली, अंग भरलं की ते वाढवून घ्यावं लागतं; आजारपणात खंगलात तर कमी करावं लागतं. न विचारता कुणी बदलेलच असं नाही.

गणिताच्या बाईंना राहवत नाही, म्हणून एक हिशेब देते. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलीपेक्षा जास्त पाणी काढू नये, असा एक ठोकताळा आहे. माझं वजन ५५ किलो. म्हणजे तासाला ७१५ मिली, चार तासांत पावणेतीन लिटरच्या थोडं वर. त्यापलीकडे ओढलं की बीपी पडतं, पोटऱ्या आवळतात, घरी गेल्यावर दिवसभर अंग चेपल्यासारखं राहतं. एकदा मी वही पुढे करून म्हटलं, “सिस्टर, आज तीन लिटर नको हं, मागच्या दोन्ही वेळा शेवटच्या तासात पाय आवळले.” त्यांनी पान पाहिलं, डॉक्टरांना फोन केला, आकडा २.६ वर आला आणि वाढीव पाणी पुढच्या खेपेवर गेलं. तोवर मला डायलिसिसला नेत होते. त्या दिवसापासून मी करून घ्यायला जायला लागले.

हात

सुरुवातीला बहुतेकांच्या मानेत नळी असते. ती भिजू द्यायची नाही, आणि मशीन लावल्यावर हुडहुडी भरली तर ‘गार वाटतंय’ म्हणून चादर ओढून पडायचं नाही, लगेच सांगायचं. ते नळीतल्या जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. मग हाताचा फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. शीर फुगून सुईजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. ज्याला जमेल त्याने ही शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये.

त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, जड पिशवी नाही, घट्ट घड्याळ नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. आणि घट्ट बांगड्या नाहीत. डॉक्टरांना ही ओळ साधी वाटते. डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या त्या दिवशी मला मूत्रपिंडं गेल्याचं कळलं तेव्हापेक्षा जास्त रडू आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी माझ्या ओक्या मनगटाकडे पाहून पटकन नजर वळवली. दुसऱ्या वर्षी मी उजव्या हातात आठ घातल्या, डाव्या हातावरची फुगलेली शीर उघडी ठेवून गेले आणि कुणी बघितलं की आपणच सांगायचं ठरवलं: “फिस्टुला आहे, हात लावून बघा.” बायका हात लावतात, थरथर लागते, किंचाळतात आणि मग आपल्या सासऱ्यांच्या मूत्रपिंडाच्या रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनबद्दल विचारतात. नातीने एकदा कान लावून ऐकलं आणि जाहीर केलं, “आजीच्या हातात गिरणी चालू आहे.”

ती गिरणी रोज सकाळी तपासायची. दात घासण्याआधी दोन बोटं शिरेवर ठेवायची. थरथर बंद झालीय असं वाटलं तर शिफ्टच्या दिवसाची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. सुईची भीती वाटत असेल तर बधिर करणारं मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते टोचण्याआधी तासभर लावून वर झाकून ठेवतात. भीती कबूल करण्यात कमीपणा नाही. मी अजूनही पहिल्या सुईच्या वेळी छताच्या पंख्याची पाती मोजते. तीनच आहेत, तरी मोजते.

पाणी

डायलिसिसमध्ये माणूस खरा खचतो तो इथे. सुई चार तासांत निघते, तहान आठवडाभर सोबत असते.

लघवी किती होते ते चोवीस तास मोजा. साधारणपणे त्यात अर्धा लिटर मिळवायचा, तेवढं दिवसाचं पाणी. तुमचा नेमका आकडा डॉक्टर सांगतील. माझा आकडा ७०० मिली. यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्यांबरोबरचा घोट आला. सकाळी ७०० मिली पाणी एका बाटलीत भरते. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला घालते. उरलंय किती, ते डोळ्यांना दिसतं. “आज किती झालं असेल” ही दिवसभराची धास्ती बाटलीने संपवली.

पण पाण्याशी भांडण्यात अर्थ नाही, भांडण मिठाशी करा. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, फरसाण, बेकरीची खारी, हे पोटात गेलं की कितीही निश्चय करा, हात तांब्याकडे जातोच. मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तहान लावते. तोंड कोरडं पडलं तर लवंग किंवा वेलदोडा चघळा, बर्फाचा छोटा खडा तोंडात धरा (तोही बाटलीतून वजा), चूळ भरून टाका. मीठ कमी करायला म्हणून बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. कोकण-गोव्याकडच्यांना एक वेगळी सूचना: करमळ, म्हणजे ते चांदणीच्या आकाराचं आंबट फळ, अजिबात नको. त्यातलं विष निकामी मूत्रपिंडाच्या माणसाच्या मेंदूवर जातं. उपासाचंही डॉक्टरांशी बोला. बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, खजूर, राजगिरा, म्हणजे एका ताटात पोटॅशियमची जत्रा. मी एकादशी सोडली नाही, पदार्थ सोडले.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी भाच्याचं लग्न, मे महिना, रविवार. शनिवारी डायलिसिस झालेलं, पुढचं मंगळवारी. दोन दिवसांची ही मोकळीक आपल्याला सर्वांत महागात पडते, हे मला माहीत होतं. तरी मठ्ठ्याचे तीन पेले, मसालेभात, वर लोणचं. सोमवारी रात्री दोन वाजता आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायला लागलं. उठून बसलं की बरं. खिडकीचे गज धरून पहाटेपर्यंत बसले आणि यांना उठवलं नाही, का तर बोलणी बसतील. सकाळी काट्यावर साडेचार किलो जास्त. सलग दोन दिवस मशीनवर जावं लागलं. चूक मठ्ठ्यात होतीच, पण त्याहून मोठी चूक खिडकीत बसून राहण्याची होती. पथ्य मोडलं तर सांगा. काट्यावर चढण्याआधी चप्पल काढून, स्वेटर काढून, खिशातला मोबाइल काढून वजन लपवणारे मी पाहिलेत. लपवलेलं पाणी फुफ्फुसात सापडतं.

चार तासांचं काय करायचं

आठवड्याचे तास १६८. मशीनचे १२. जाणं-येणं आणि नंतरची मरगळ धरून वीस-बावीस म्हणा. पहिल्या वर्षी हे बारा तास उरलेल्या सगळ्यांना खाऊन टाकतात, कारण आदल्या रात्रीपासून ते डोक्यात सुरू होतात.

मोकळ्या हाताने होणारं एक काम ठरवून न्या, आणि ते फक्त तिथेच करा. मी वह्या तपासायचे. लाल पेन बघून शेजारचे काका म्हणायचे, “बाई, रक्त कमी पडलं तर त्यातलं घाला.” कुणी कीर्तन ऐकतं (कृपा करून इयरफोन लावून), एक मुलगा तिथेच बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. काही केंद्रांत पायाने मारायची पॅडल लावून देतात. डॉक्टर हो म्हणाले तर जरूर मारा. झोपायचं असेल तर खुशाल झोपा, पण घरी रात्री झोप लागत नसेल तर इथली झोप कमी करून बघा.

मला धीर आला तो दोन माणसांमुळे. सिएटलमध्ये १९६० साली क्लाइड शील्ड्स नावाच्या कारागिराला दीर्घकाळ डायलिसिस द्यायला सुरुवात झाली. त्याआधी असा रुग्ण वाचत नसे. तो अकरा वर्षं जगला. आणि आपल्याकडे जयप्रकाश नारायण. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये कैदेतून सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं तेव्हा त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस सुरू झालं. १९७७ ची निवडणूक त्यांनी त्या अवस्थेत अंगावर घेतली आणि दिल्लीतलं सरकार बदललं. ते गेले १९७९ च्या ऑक्टोबरात. आपल्याला सरकार बदलायचं नाही, सूनबाईच्या हातची भाजी अळणी करायला सांगायची आहे. तेही सोपं नाही म्हणा.

रिकामी खाट

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलते. एखाद्या मंगळवारी शेजारची खाट रिकामी असते. तुम्ही सिस्टरांकडे बघता, त्या नळ्या लावण्यात गर्क असल्यासारखं करतात. पुढच्या आठवड्यात तिथे नवीन माणूस असतो.

लाल पेनावर विनोद करणारे काका असेच गेले. मी त्या दिवशी मशीन लावू दिलं, पण चार तास कुणाशी बोलले नाही. डोक्यात एकच: आता माझा नंबर. नंतर मी तीन गोष्टी करायला शिकले. आधी विचारायचं, काय झालं म्हणून. न विचारता आपण कल्पनेने जे रचतो ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. काकांना हृदयाचा जुना आजार होता, त्याची मला कल्पनाच नव्हती. दुसरं, शक्य असेल तर घरच्यांना भेटायला जायचं. काकूंनी मला चहा विचारला आणि स्वतःच म्हणाल्या, “अर्धाच करते, तुमचं माप असेल ना.” आणि तिसरं म्हणजे खाटेवर नवीन आलेल्या माणसाशी पहिल्या दिवशी बोलायचं. पाठ करून पडलेलं असतं बिचारं.

घर आणि पैसा

घरचे दोन टोकांना जातात. एक तर काचेचं भांडं करून ठेवतात, किंवा सहा महिन्यांनी कंटाळतात. दोन्हीवर उपाय एकच: घरातलं एक काम कायमचं आपल्याकडे मागून घ्या. माझ्याकडे नातीचा अभ्यास आणि वीजबिल. आपल्याबरोबर दर खेपेला येणाऱ्या माणसालाही सुट्टी हवी असते. यांना गुरुवारी यायचंच नाही असं मी बजावलंय. ते त्या दिवशी कट्ट्यावर जातात. नवरा-बायकोच्या जवळिकीत फरक पडतो, त्याला औषधाचं कारणही असू शकतं. लाज सोडून डॉक्टरांना विचारावं.

खर्चाची चिंता मनाला सगळ्यात जास्त पोखरते, आणि त्यापायी लोक तीनऐवजी दोन खेपा करतात. ते ठरवण्याआधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ते मोफत मिळतं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांसाठी प्रवास सवलत आहे, कोणते कागद लागतात ते आगारात विचारा.

मन खरंच आजारी पडलं तर

डायलिसिसवरच्या दर चार-पाच जणांमागे एकाला नैराश्य असतं. ओळखणं अवघड, कारण थकवा, भूक नसणं, झोप नसणं ही दोन्ही आजारांची लक्षणं. म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि डायलिसिस पुरेसं होतंय का, ते बघून घ्या. रक्त कमी असेल तर जगातलं कुठलंही प्रवचन उपयोगी पडत नाही. ते ठीक असूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, नात जवळ आलेली नको होत असेल, ‘आज नाही गेलं तर काय होईल’ असं वारंवार मनात येत असेल, तर ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. समुपदेशनाने फरक पडतो, गोळ्यांनीही पडतो. गोळी मात्र मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यायची, काहींचे डोस बदलावे लागतात. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी चौथ्या वर्षी नऊ महिने गोळी घेतली. शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

पुढची दारं

प्रत्यारोपणाचं पहिल्या काही महिन्यांतच विचारा. जवळच्या नात्यातलं कुणी मूत्रपिंड देऊ शकत असेल तर तपासण्या सुरू होतात. नसेल तर मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. नाव घाला आणि विसरून जा. ‘मूत्रपिंड मिळालं की बघू’ म्हणत घराचा रंगसुद्धा लांबवणारे लोक मी पाहिलेत. केंद्र फार लांब असेल तर पोटाच्या डायलिसिसचीही माहिती काढा. ते घरीच, दिवसातून तीन-चारदा पोटात सोडायच्या द्रावणाच्या पिशव्या बदलून करता येतं.

आणि गावाला जा. जिथे जायचं तिथल्या केंद्रात पंधरा दिवस आधी फोन करून खेप ठरवता येते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट, हेपॅरिनचा (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस, मागच्या तीन खेपांची नोंद, एवढे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत. मी गेल्या दिवाळीत रत्नागिरीला जाऊन आले. मांडवीच्या किनाऱ्यावर शहाळंवाल्याने विचारलं, “पाणीवालं देऊ की मलईवालं?” मी नातीला मलईवालं घेऊन दिलं.

आज सोमवार. उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय. बाटलीत १५० मिली शिल्लक आहे. ५० रात्रीच्या गोळ्यांना लागतील, उरलेल्याचा चहा टाकायला यांना सांगितलंय, आलं घालून.